आठची माणसं, साडेदहाची माणसं

लवॉनचा फोन आला तेव्हा मी शाळेची बस धूत होते. पोरं चढतात ती बुटांना निम्मं शेत घेऊन, आणि उतरताना ते माझ्याकडे ठेवून जातात.

"आर्लिस, शनिवारी दुपारच्या आधी तुझा फोटो आहे," ती म्हणाली. विचारायची वगैरे पद्धत तिच्याकडे नाही. ती आमच्या चर्चच्या कचेरीत बसते. पास्टर येतात आणि जातात, लवॉन तिथेच असते.

"मला नाही काढायचा."

"मग शेवटच्या पानावर नुसतं नाव येईल. ॲरिझोनाला राहायला गेलेल्यांबरोबर."

"येऊ दे की."

"त्याच्या समोरचं पान मेलेल्यांचं आहे हं. आपलं सांगून ठेवते."

आमच्या चर्चचं पुस्तक आठ-नऊ वर्षांनी एकदा निघतं. घरटी एक फोटो, खाली नावं. आमच्या नॉर्बी गावातल्या प्रत्येक घरात ते फोनशेजारी पडलेलं असतं. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाच्या शेजारची बायको बदलली, सगळं त्यात दिसतं. आमच्याकडे असल्या गोष्टी तोंडाने बोलत नाहीत. पुस्तक उघडायचं, बघायचं, मिटायचं आणि कॉफी ओतायची.

मागच्या पुस्तकात आम्ही तिघं आहोत. माझा नवरा लोवेल मागे उभा, लग्नातल्यासारखी मान आखडून. मी बाकावर. आणि माझ्या शेजारी आमचा एकुलता एक कार्स्टन, सत्तावीस वर्षांचा, कितीही घासली तरी बोटांतलं ग्रीस न निघालेला. पाठीमागच्या पडद्यावर रंगवलेली पानगळ. तेव्हा मी लवॉनला म्हटलं होतं, विस्कॉन्सिनमध्ये खरी झाडं कमी पडली का गं तुम्हाला?

त्या फोटोनंतर आमच्या घरातलं एकही माणूस जागेवर राहिलं नाही.

आधी गायी गेल्या. दुधाला भाव राहिला नाही, लोवेलचे गुडघे राहिले नाहीत, आणि बँकेतला माणूस आमच्याकडे बघून मायेने हसायला लागला तेव्हाच मी ओळखलं. एका सकाळी धारा काढून झाल्यावर लोवेल बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. आमच्या अख्ख्या संसारात तो कधी बुटांनिशी आत आला नव्हता.

"ऑर्विलला बोलावलंय," तो म्हणाला. ऑर्विल गुरांचा व्यापारी.

मी चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. "किती?"

"सगळ्या." मग तो खुर्चीवर बसला आणि टोपी हातात घेऊन तिच्याशीच बोलावं तसं म्हणाला, "कार्स्टनला तू सांग. तू ठरवलंस म्हणून सांग."

कार्स्टन दहा वर्षांचा असताना लोवेलने त्याला गोठ्याच्या दारात उभं करून सांगितलं होतं, हे सगळं तुझं. पोराने ते खरं मानलं. कॉलेजात गेला नाही, शहराकडे बघितलं नाही. बापाच्या मागून त्याच बुटांच्या ठशांत पाय टाकत राहिला. आता बापाची जीभ उचलेना.

"लोवेल, हे बरं नाही," मी म्हटलं.

"तो माझं तोंड नाही बघणार पुन्हा."

"आणि माझं बघेल?"

"तू आई आहेस. आईवर रुसून पोरं जातात कुठे?"

इथे लोवेलचं गणित चुकलं. आईवर रुसून पोरं ओ क्लेअर शहरात राहायला जातात.

मी सांगितलं. याच टेबलावर. मी ठरवलंय, म्हटलं, आता नाही झेपत. लोवेल खिडकीबाहेर पाखरांच्या दाण्याचा डबा बघत होता. कार्स्टनने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "तुला गोठ्याचा लळा कधी नव्हताच." मला. गोठ्यातल्या प्रत्येक गाईचं नाव मी ठेवलेलं. आई मेलेली वासरं या स्वयंपाकघरात, या चुलीपाशी, बाटलीने दूध पाजून मी वाढवलेली. पण मी मूग गिळून बसले. ऑर्विलचे ट्रक आले त्या दिवशी कार्स्टन घरात नव्हता, आणि नंतरही नव्हता.

त्यानंतर जो तो नवीन काहीतरी शिकायला लागला. कार्स्टन मोठमोठ्या डेअऱ्यांमधली धारा काढायची यंत्रं दुरुस्त करायला लागला. लोवेल गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजायला लागला. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी बस चालवायचा परवाना काढला. पहाटे उठायची सवय होतीच, म्हटलं, गायींऐवजी पोरं. फरक एवढाच की गायी आपापल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. पोरं मला घाबरतात असं म्हणतात. घाबरू देत. माझ्या बसमध्ये अजून कुणाचं नाक फुटलेलं नाही.

लोवेल आणि कार्स्टन शनिवारी रूबीच्या कॅफेत भेटायचे. लोवेल परत आला की मी विचारायची, "कसा आहे?"

"बरा आहे."

"माझं काही विचारलं?"

"नाही." आणि तो कोट न काढताच गोठ्यात जाऊन गोठा झाडायचा. रिकाम्या गोठ्यात झाडायला असतं काय? पण दर शनिवारी खराट्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, गायींची आठवण येत असेल.

मग एका फेब्रुवारीत लोवेल दुकानातच गेला. कुणाला तरी बिजागरी काढून देता देता खाली बसला, तो उठलाच नाही. माणूस जसा जगला तसाच गेला, कुणाला तसदी न देता आणि काही न सांगता. कार्स्टनने खांदा दिला. नंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅमची सँडविचं खात होते, तेव्हा तो कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी बराच वेळ ऑर्विलशी बोलत उभा होता. मी दोन वेळा तिकडे जायला उठले आणि दोन्ही वेळा कुणीतरी माझा हात धरून लोवेल किती भला होता ते सांगायला लागलं. वळून पाहिलं तर कार्स्टन गेलेला. राग तसाच आहे, मी समजले.

त्याने लग्न केलं तेही मला कार्ड आल्यावर कळलं. टेसा, मिलवॉकीची. मग मुलगी झाली, हॅटी. गेल्या वर्षी ती तिघं परत नॉर्बीत राहायला आली, आणि टेसाने चर्चमध्ये नाव घातलं. आमच्याकडे रविवारी दोन प्रार्थना असतात, आठची आणि साडेदहाची. मी आठची. ती साडेदहाची. एकाच छपराखाली, एकाच बाकांवर, एक वर्ष आम्ही कधी समोर आलो नाही. माझी ऊब जायच्या आत त्या बाकावर ती येऊन बसत असतील. नातीला मी एकदाच पाहिलं होतं, बसच्या काचेतून. टेसा बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मी बस थांबवली, सगळे दिवे लावले, आणि ती पलीकडे जाऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबले. मागून पोरं ओरडायला लागली, तेव्हा पाय ब्रेकवरून काढला.

आता कुणी म्हणेल, बाई गं, एवढंच होतं तर सांगून टाकायचंस. तुझ्या बापाने विकल्या गायी, मी नाही. एक वाक्य. त्या वाक्यावर माझा मुलगा परत आला असता, नात मांडीवर आली असती. मला काय ते ठाऊक नव्हतं? बस चालवताना रोज ते वाक्य माझ्या जिभेवर यायचं. पण मग पोराकडे बाप म्हणून काय उरलं असतं? बायकोच्या पदराआड लपलेला माणूस. तोही मेलेला, उत्तर द्यायला नसलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ लोवेलची होती, ती झाकून मी धरली होती, आणि बोटं माझी दुखत होती.

शनिवारी गेले. निळा स्वेटर घातला, केस बसवले, लवॉनच्या टोमण्याला भिऊन नाही, पण ॲरिझोनावाल्यांबरोबर मला पडायचं नव्हतं.

तळघरात नेहमीप्रमाणे कॉफीचा मोठा पिंप उकळत होता आणि भोपळ्याच्या वड्यांची ताटं मांडलेली होती. कोपऱ्यात फोटोचे दिवे, त्यांच्या छत्र्या, बाक आणि तीच रंगवलेली पानगळ. भिंतीवर कुणाचा फोटो कुणानंतर ते लावलेलं. माझ्या खालचं नाव वाचलं आणि मी थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

"लवॉन, माझ्यानंतर कार्स्टन?"

लवॉन कपबशा पुसत होती. पुसलेल्याच पुन्हा. "आडनाव एकच आहे ना गं. एकामागे एक येणारच. त्याला मी काय करू?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तू मुद्दाम केलंस."

"मी काही केलेलं नाही," ती म्हणाली आणि भोपळ्याची वडी माझ्या हातावर ठेवली. आमच्याकडे एवढ्याला कबुली म्हणतात.

मी पटकन आटपून निघायचं ठरवलं. फोटो काढायला कुठल्याशा कंपनीची पोरगी आली होती, जांभळे केस, नाकात कडी, गावोगाव हेच करत हिंडणारी. तिने मला बाकावर बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाली, "थोडं मध्ये या ना."

मी सरकले.

"अजून थोडं. तुम्ही एका टोकाला बसलाय."

मी खाली पाहिलं. खरंच की, अर्धा बाक मोकळा. मी मागच्या वेळच्याच जागी बसले होते, शेजारी कार्स्टन धरून. मी मध्ये सरकले, आणि ती म्हणाली हसा, म्हणून हसले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आधी एक छोटी पोरगी आली, लाल मोजे, हाताला जॅम, आणि दिव्यांकडे धावत सुटली. तिच्यामागे टेसा. तिच्यामागे कार्स्टन. कानशिलापाशी पांढरा झालेला. माझ्या लेकाचे केस पांढरे झाले होते आणि ते मला ठाऊक नव्हतं.

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला.

"ब्रेके?" फोटोवाल्या पोरीने यादीतलं आडनाव वाचून विचारलं. "अरे वा, ह्यासुद्धा ब्रेके. तुम्ही सगळे एकच का? मस्त, मग आधी सगळ्यांचा एकत्र काढू."

आमच्या माणसांना एक खोड आहे. परक्याला तोंडावर नाही म्हणवत नाही. नको असताना तिसऱ्यांदा वाढलेलं आम्ही खातो, दारावर आलेल्याकडून नको असलेला झाडू विकत घेतो, आणि कुणी पायावर पाय दिला तर आपणच माफी मागतो. मी कार्स्टनकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांहून जास्त आम्ही एकमेकांना नाही म्हणत आलो होतो, पण त्या जांभळ्या केसांच्या पोरीला नाही म्हणायची दोघांचीही छाती झाली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"माझी काही हरकत नाही," मी म्हटलं.

असे आम्ही चौघं त्या बाकाशी जमलो. टेसा माझ्या शेजारी बसली. हॅटीला कुणीतरी माझ्या मांडीवर ठेवलं, बहुतेक त्या पोरीनेच, "आजीकडे बसवू या," म्हणत. वजनदार पोरगी. तिने माझ्या निळ्या स्वेटरला जॅमचा हात पुसला आणि बाह्यांची बटणं तपासायला लागली. मी तिला धरायचं कसं हेच विसरले होते. इतकी वासरं वाढवली, पण हात कुठे ठेवू ते कळेना.

"सर, तुम्ही मागे उभे राहा. हात आईच्या खांद्यावर."

हात आला. स्वेटरला टेकला न टेकल्यासारखा. तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखा धरला होता त्याने.

एक फोटो झाला. मग फट्कन आवाज आला आणि एक दिवा गेला.

"अरेच्चा. हलू नका हं कुणी," ती पोरगी म्हणाली. "असेच राहा. मी गाडीतून दुसरा आणते." आणि ती जिना चढून गेली.

हलू नका म्हटल्यावर आम्ही काय हलतो. चौघं कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलो. कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी लवॉनने आतून लावून घेतली, तिची कडी पडलेली मला ऐकू आली.

"कार्स्टन," टेसा समोर बघतच म्हणाली, "बोल आता एकदाचं. नाहीतर मी बोलते."

ती मिलवॉकीची. तिथली माणसं बोलतात.

मला वाटलं, हीच वेळ. मूठ उघडायची तर आता. मांडीवर त्याची पोरगी, खांद्यावर त्याचा हात. मी तोंड उघडलं.

"मला माहीत आहे, आई," तो मागून म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"गायी बाबांनी विकल्या. तू नाही."

मी वळायला गेले, तर खांद्यावरचा हात घट्ट झाला. "वळू नकोस. तू वळलीस तर मला बोलता येणार नाही."

मी समोर बघत राहिले.

"ऑर्विलने सांगितलं. बाबांच्या अंत्यविधीला. म्हणाला, सही करताना तुझा बाप रडला. आणि म्हणाला, आर्लिसने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, अशी बायको मिळायला नशीब लागतं. त्याला वाटलं मला माहीत आहे."

"म्हणजे तेव्हापासून तुला ठाऊक आहे?"

"हो."

इतकी वर्षं मी जपलेलं, रोज गिळलेलं, ते याला ठाऊक. मला आधी हायसं वाटायला हवं होतं. मला संताप आला.

"मग इतके दिवस कसला राग धरून बसलास रे माझ्यावर?"

हॅटी माझं एक बटण तोंडात घालत होती, ते मी सोडवलं.

"दर शनिवारी बाबा कॅफेत यायचे," तो म्हणाला. "मी तुझ्याबद्दल बोलायचो. वाटेल ते बोलायचो, आई. तू त्यांचा गोठा मोडलास, तू त्यांना दुकानात खिळे मोजायला बसवलंस. तुझ्यामुळे ते म्हातारे झाले म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे. कॉफीत साखर घालत नव्हते ते, तरी ढवळत बसायचे. मला वाटायचं, माझं पटतंय त्यांना."

खराट्याचा आवाज माझ्या कानात आला. रिकामा गोठा, दर शनिवारी.

"ते मला सांगू शकले नाहीत, ते मी समजू शकतो. ते तसेच होते. पण तुला सांगता आलं असतं. तू सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो. त्यांच्यावर ओरडलो असतो. महिनाभर, वर्षभर. आणि मग कधीतरी त्या टेबलावर म्हणालो असतो, जाऊ दे बाबा. विकल्या तर विकल्या. मला यंत्रांतही करमतंय." त्याचा आवाज चिरकला. "एवढंच ऐकायचं होतं त्यांना. ते न ऐकता गेले. तुम्ही दोघांनी मिळून मला ते म्हणूच दिलं नाही."

इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की मी बापलेकांना सांभाळलं. लेकाला बाप राहिला, बापाला लेक राहिला, मधल्यामध्ये माझं काय व्हायचं ते होवो. मोठी त्यागी. आणि इकडे माझा नवरा दर आठवड्याला एका टेबलाशी बसून माझ्या वाटच्या शिव्या ऐकत होता, त्या आपल्या आहेत हे ठाऊक असून. घरी येऊन मला म्हणत होता, बरा आहे. मला लोवेलचा इतका राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊन करायचं काय? आणि त्या रागाखालीच मला त्याची इतकी कणव आली की डोळ्यांपुढचा कॅमेरा दिसेनासा झाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुखलं म्हणून सांगायचं कुणाला.

"मला वाटलं, तुझ्यासाठी..." मी म्हटलं.

"माहीत आहे तुला काय वाटलं. म्हणून तर राग जात नाही."

जिन्यावर पावलं वाजली. पोरगी दिवा घेऊन आली, लावला, कॅमेऱ्यामागे गेली. "वा, खरंच हलला नाहीत तुम्ही," म्हणाली. आणि लगेच बटण दाबलं.

मग तिने आम्हाला फोटो पडद्यावर दाखवले. पहिला छान होता, चार हसरी शहाणी माणसं. दुसऱ्यात माझे गाल ओले, नाक लाल. कार्स्टनचे ओठ आवळलेले, आणि माझ्या खांद्यावर त्याची बोटं रुतलेली, स्वेटरला चुण्या पडेपर्यंत. हॅटी तेवढी कॅमेऱ्यात बघत होती.

"हा काढून टाकते," पोरगी घाईघाईने म्हणाली. "दिवे लागले ते डोळ्यांवर आले असतील."

"नको," कार्स्टन म्हणाला. "पुस्तकात हाच घाला."

"पण सर, पहिला जास्त..."

"हाच," मी म्हटलं. परक्या माणसाचं बोलणं तोडायची माझी ती पहिलीच वेळ असेल.

टेसाने हॅटीला कोट चढवला. ती मला आर्लिस म्हणून हाक मारते, ते मला त्या दिवशी कळलं. "आर्लिस, स्वेटर द्या माझ्याकडे, जॅमचा डाग मी काढते," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. डाग अजून आहे.

कार्स्टन जिन्यापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला. "उद्या तुझी प्रार्थना नऊला सुटते ना?"

"हो."

"मी रूबीकडे असेन."

दुसऱ्या दिवशी आठच्या प्रार्थनेत पास्टर काय बोलल्या ते देवालाच ठाऊक. सुटल्यावर मी रस्ता ओलांडून कॅफेत गेले. तो खिडकीजवळच्या टेबलाशी एकटाच होता. समोरची खुर्ची रिकामी. ती कुणाची ते मी विचारलं नाही. बसले. रूबीने न विचारता कॉफी आणली आणि कपात ढवळायला चमचा ठेवला, लोवेलला द्यायच्या सवयीने. मग तिच्या लक्षात आलं आणि ती मान खाली घालून निघून गेली.

"बोल," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर बोलायचास तसं. आता मी समोर आहे."

आधी त्याला जमेना. मग जमलं. तू मला मूर्ख बनवलंस, म्हणाला. माझ्या बापाला तू इतका नाजूक समजलीस की मला त्याच्याशी भांडूसुद्धा दिलं नाहीस. लग्नाला मी तुला बोलावलं नाही, त्याची मला लाज वाटते आणि त्या लाजेचाही राग तुझ्यावरच येतो. त्याचा आवाज चढत गेला. नॉर्बीत कॅफेमध्ये कुणी आवाज चढवत नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघं आपापल्या अंड्यांकडे बघायला लागले.

माझा चमचा कपात होता. मी तो काढून बशीत ठेवला. ढवळत बसणं लोवेलला जमत होतं, मला नाही.

"झालं तुझं? आता माझं ऐक," मी म्हटलं. "गोठ्याचा लळा नव्हता म्हणालास मला. तू जन्मलास त्या संध्याकाळी मी व्यायला आलेल्या गाईला सोडून दवाखान्यात गेले होते, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं होतं, वासरू जगलं का. तुझं नंतर विचारलं. लळ्याचं तू मला सांगू नकोस. आणि तुझ्या बापाशी तुला भांडायला मिळालं नाही म्हणतोस, मला मिळालं? तो मला दर शनिवारी येऊन 'बरा आहे' सांगायचा. मला तर अजून कळत नाही की मी त्याच्यासाठी रडू की त्याच्या थडग्यावर जाऊन एक लाथ घालू."

कार्स्टनचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं हसतोय. तो रडत होता. बापासारखंच, आवाज न करता, दोन्ही हात टेबलावर तसेच ठेवून. मी हात पुढे केला आणि त्याच्या मुठीवर ठेवला. त्याने तो काढला नाही.

"त्याच्या नावाने दोघांनी मिळून भांडू," मी म्हटलं. "एकेकट्याने नाही होत ते."

साडेदहाच्या प्रार्थनेची घंटा वाजायला लागली. रस्त्याच्या पलीकडे चर्चच्या पायऱ्यांवर टेसा हॅटीला कडेवर घेऊन उभी होती आणि आमच्या खिडकीकडे बघत होती. कार्स्टनने हातरुमालाने तोंड पुसलं, उठला आणि खुंटीवरचा माझा कोट घेऊन माझ्यासाठी धरला.

"अजून संपलेलं नाही माझं," तो म्हणाला.

"माझंही नाही," मी म्हटलं, बाह्यांत हात घातले, आणि त्याच्याबरोबर साडेदहाच्या प्रार्थनेला गेले.